सेल काढून ठेव

साखरीनाट्याला, बर्फाच्या कारखान्यामागे
गनीचाचा होडेकरांचं दुकान:
एक चार्जर, चार फळ्या,
आणि नाकात बसून राहणारा आंबूस वास.
लागलो तेव्हा सोळा वर्षांचा होतो.
पहिल्याच आठवड्यात आईनं माझी पँट धुतली, पिळली,
आणि तिच्या हातात चाळणी आली.
"ॲसिड लगेच खात नाही," चाचा म्हणाले,
"धुवायची वाट बघतं."

जूनमध्ये बंदी लागली, होड्या वर ओढल्या,
की बॅटऱ्या आमच्याकडे.
खलाशी आणायचे तुपाच्या बरणीसारख्या,
न कलंडता.
अंगावर ऑइलपेंटनं होडीचं नाव:
दर्यादौलत. नूर-ए-साहिल. माउलीप्रसाद.
सव्वीस नावं फळ्यांवर,
जमिनीपासून वीतभर वर.
बाहेर समुद्र गढूळ. आत बारीक बुडबुडे.

"ही ओली जात. हिला तहान लागते.
बूच उघड, वाकून बघ.
पट्ट्या उघड्या पडल्या की कपाळाला हात.
पाणी घाल, पण विहिरीचं नको, पागोळीचंही नको,
बाटलीतलं, ज्याला चवच नाही ते.
बुडतील इतकंच. फार लाड केलेस तर उतू जाते.
ॲसिड पाण्यात ओतायचं,
पाणी ॲसिडात कधीच नाही.
आणि बिडी रस्त्यावर."

काचेच्या पिचकारीतलं तरंगणारं बोंड
मी आठ दिवसांत वाचायला शिकलो.
बाराशे साठ, मजेत.
अकराशे पन्नास, झोपली.
झोपू द्यायची नाही, एवढंच काम.
पडून राहिली की पट्ट्यांवर पांढरं धरतं,
मग कितीही पाजा, गिळत नाही.
टर्मिनलवर हिरवट मीठ फुललं
तर कोमट पाणी, खायचा सोडा, जुना टूथब्रश,
आणि वर व्हॅसलीनचं एक बोट.

सुक्या सेलांना चाचा मोजत नसत.
बरणीत पडलेले असत, गोळ्या-बिस्किटांसारखे.
गिऱ्हाइकाला न बघताच सांगायचे:
"जुना-नवा एकत्र घालू नको.
काम नसलं की सेल काढून ठेव."
बाबा रात्री कातळावर कुर्ल्यांना जायचे,
त्यांचे सेल अंगणात उन्हात पडलेले,
सोड्यांच्या शेजारी.
एका रात्रीपुरते पुन्हा उठायचे.

एकदा मी दाभणानं एक फोडला.
आत काळा चिखल, दमट, मध्ये कांडी.
चाचांनी चष्मा कपाळावर नेऊन बघितला.
"म्हणजे हाही ओलाच," म्हणाले.
"फक्त ह्याला बूच नाही.
ह्याची पातळी कोण बघणार?"
आणि मला हात धुवायला पिटाळलं.

चाचा गेले ते बंदीतच,
नारळी पौर्णिमेला नऊ दिवस असताना.
दुकान तिसऱ्या दिवशी उघडलं,
बॅटऱ्या कुणाच्या मयताला थांबत नाहीत.
संध्याकाळी लाइट गेली.
खिळ्याला त्यांची पितळी बॅटरी होती
(आमच्याकडे टॉर्चलाही बॅटरीच म्हणतात).
बटण सरकेना. झाकण पक्कडीनं फिरवलं.
आत तीन सेल फुटून नळीला चिकटलेले,
स्प्रिंगवर बुरशीसारखा फुलोरा.

जुबेदाचाची म्हणाल्या,
"ती कुठे लावायचे ते?
लाइट गेली की अंधारातच बसायचे,
बुडबुडे थांबेपर्यंत ऐकत."

पौर्णिमेनंतर होड्या उतरल्या.
पंचवीस इंजिनं पहिल्या झटक्याला बोलली.
माउलीप्रसादचं नाही.
तिचा एक खण मेलेला होता,
चाचांच्या चोपडीत ते मे महिन्यातच लिहिलेलं,
मी पान उलटलं नव्हतं.

पितळी नळी मी पॉलिशपेपरनं आतून घासली.
आता ती खिळ्याला आहे, रिकामी.
सेल बरणीत.
अंधार झाला की आधी
चाचपडत बरणी शोधावी लागते.